स्वयंपाकघरातल्या चपला

सुधाताई आमच्याकडे यायच्या तेव्हा आधी माणसांकडे नाही, जमिनीकडे बघायच्या. दारातलं पायपुसणं काठीने बाजूला सारायच्या. पाणी सांडलेलं दिसलं, तर उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणायच्या, "आधी ते पूस, मग 'या' म्हण." पहिल्यांदा मला रागच आला. आम्ही नव्याने राहायला आलेलो, आणि या बाईंनी आल्या आल्या माझ्या फरशीला नावं ठेवावीत! पण फडकं आणलं मात्र मुकाट्याने.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. उमेळे गावात आमची इमारत नुकतीच उभी राहिली होती, मागे अजून केळीची वाडी होती. सुधाताई आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. आमवाताने बोटं वाकडी झालेली, गुडघे कायम सुजलेले, आणि वर्षानुवर्षांच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ. डॉक्टर म्हणाले होते, पडायचं नाही. नाशिकचा मुलगा श्रीकांत त्याहून कडक. "एकदा जरी पडलीस, तर हे घर बंद. माझ्याकडे यायचं."

मुलगा, सून, दोघंही चांगली होती. पण सुधाताई म्हणायच्या, "तिथे मी पाहुणी गं. इथे मिठाची बरणी मी ठेवीन तिथे राहते."

म्हणून त्या न पडण्याच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. न्हाणीघरात स्टूल, पलंगापासून दारापर्यंत भिंतीला लाकडी दांडा, साडी घोट्याच्या वर. मी हसले तर म्हणाल्या, "लोक घोटे बघतील तर बघू देत. एक्स-रेच्या फोटोत मोडकी हाडं बघण्यापेक्षा बरं." एका जागी बसणं त्यांना माहीत नव्हतं. बसलं की सांधे धरतात, म्हणून घरभर फेऱ्या. खाली मी त्यांची काठी ऐकत राहायची, आणि ती थांबली की माझा जीव वरखाली.

एकच गोष्ट ऐकायच्या नाहीत. डॉक्टरांनी घरातही रबरी चपला घालायला सांगितल्या होत्या. त्या बैठकीत घालायच्या, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काढून ठेवायच्या. आत देव्हारा होता. "पन्नास वर्षांत देवापुढे चप्पल नेली नाही. आता वाताने सांगितलं म्हणून नेऊ?" आणि घरातलं पाण्याचं पिंप नेमकं तिथेच, देव्हाऱ्यासमोर.

पाणी सकाळी साडेसहाला यायचं, जेमतेम चाळीस मिनिटं. सुधाताईंचे सांधे नऊच्या आत सुटायचे नाहीत. म्हणून मी रोज वर जाऊन त्यांचं पिंप भरून द्यायची. श्रावणातल्या एका सकाळी मुलीच्या डब्याच्या गडबडीत मला दहा मिनिटं उशीर झाला. त्यांनी वाट पाहिली नाही. मी माझ्याकडे दिलेल्या किल्लीने दार उघडलं तर नळ वाहतोय, आणि सुधाताई ओल्या फरशीवर पिंपाला टेकून बसलेल्या, अनवाणी.

मी धावत जाऊन त्यांचे हात ओढले. "हात सोड! मनगटं तोडतेस का?" त्या ओरडल्या. मग मलाच सूचना. "आधी नळ बंद कर. घाबरू नकोस. खुर्ची आण. गुडघ्याखाली गोधडी घाल." खुर्चीवर कोपरं टेकून, कुशीवरून वळत, वीस मिनिटांनी त्या उठल्या. मी जबरदस्तीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं, कमरेवर फक्त काळंनिळं. परत येताना त्यांनी माझा दंड धरला. "श्रीकांतला कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

त्यानंतर माझं घरात लक्ष लागेना. वर भांडं पडलं तरी मी जिन्यात. भाजी करपायची, नवरा चिडायचा, मी त्याच्यावर चिडायची. त्या पुन्हा पडल्या तर तो दोष माझ्याच पदरात पडणार होता. शेवटी एक दिवस मी वर जाऊन आवाज चढवला, "चपला आत घाला, नाहीतर मी नाशिकला फोन करते." त्यांनी उंबऱ्याशी काढलेल्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांब."

दसऱ्याला वर गेले तर पाटावर शिवणाची कात्री, टेप, अंगुस्तान, आणि शेजारी कोऱ्या रबरी चपला. हळदकुंकू वाहिलेल्या, वर झेंडूचं फूल. "बघतेस काय? कात्री आता धरवत नाही. माझं हत्यार हेच." त्यांनी देवाला हात जोडले, चपला पायात घातल्या आणि देव्हाऱ्यासमोरून चालत गेल्या. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

नेमका त्याच दुपारी श्रीकांत सोनं द्यायला आला. आई स्वयंपाकघरात चपला घालून फिरतेय, त्यांवर हळदकुंकू, हे पाहून त्याने मला जिन्यात गाठलं. "वहिनी, खरं सांगा. आई पडली होती का?"

"नाही हो," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.

"पडले होते." सुधाताई दारात उभ्या होत्या. "श्रावणात. तिला शपथ मी घातली होती. आज सणाचं तिला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं, श्रीकांत. एवढं करून मला हे घर नको."

मी रडले, भांडले, आता चपला आहेत, आता नाही पडणार, म्हणून श्रीकांतला विनवलं. तोही विरघळला होता. सुधाताईच ऐकेनात. दिवाळीआधी त्या निघाल्या.

त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरत होतं. त्यांनी साफ नकार दिला. श्रीकांत एक पायरी खाली, मी मागे, आणि त्या कठड्यावर कोपर टेकून, दुखरा पाय आधी टाकत, प्रत्येक वळणावर दम खात तीन मजले उतरल्या. अर्धा तास लागला. मला धरूही दिलं नाही.

रिक्षात बसल्यावर त्यांनी घामेजलेला वाकडा हात माझ्या गालावर ठेवला.

"पडून नाही ना गं गेले?" त्या म्हणाल्या.

"नाही, सुधाताई," मी म्हणाले. या वेळी खरं बोलले.