गोव्याच्या दारातलं नाव

मिसाळ गुरुजी आमच्या रस्त्यानं येताना छत्री डोक्यावर धरत नसत. ती उघडून डाव्या अंगाला आडवी धरत आणि तिच्या आडोशानं चालत. ऊन असो, थंडी असो, स्टँडकडून वळले की छत्री उघडायची, पन्नासेक पावलं आडवी धरायची आणि रस्ता ओलांडून माझ्या दुकानाच्या पायरीशी मिटायची. नवख्याला वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. आम्हाला कारण ठाऊक होतं. डाव्या हाताच्या एका भिंतीत त्यांचं स्वतःचं नाव बसवलेलं होतं आणि ते त्यांना बघवत नव्हतं. "मागच्या गल्लीनं या की," असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "वाट का म्हनून बदलू, ताई? चूक माजी हाय, पण रस्ता सरकारचा हाय."

इंदापुरातल्या या रस्त्याला कागदोपत्री काहीतरी भारदस्त नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. लोक त्याला 'गोवा' म्हणतात. घरच्यांना सांगून जायची सोय. "कुठं निघालाय?" "गोव्याला." मी बारामतीला डीटीपीचा कोर्स करून आले आणि इथं टायपिंग, झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं, तेव्हा रस्त्यावर मटक्याच्या दोन टपऱ्या होत्या. त्यांना बोर्ड लागत नसे. मग 'क्रीडा मंडळं' आली, म्हणजे आत पत्ते. मंडळांच्या मागे साहेब लोक लागले तशी ऑनलाइन लॉटरीची सेंटरं निघाली, ती बसली आणि काळ्या काचांची व्हिडिओ गेम पार्लरं आली. आता 'गेमिंग झोन' आहेत. आत गार हवा, कोल्ड कॉफी, गुबगुबीत सोफे आणि ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा फोन. हे सगळे बोर्ड माझ्याच कॉम्प्युटरमधून गेले. बोर्ड बदलले, आत बसणारी माणसं तीच राहिली, फार तर त्यांचे केस पिकले.

गुरुजींचं नाव भिंतीत गेलं ते पहिल्या मंडळाच्या वेळी. निरवांगीच्या शाळेतून ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ज्या माणसावाचून गावात झेंडावंदन होत नसे, त्याला वर्षभरात कुणी साध्या बारशालाही बोलावलं नव्हतं. अशात त्यांचा जुना विद्यार्थी संजू गाडी घेऊन निमगाव केतकीला त्यांच्या दारात गेला. पायावर डोकं ठेवलं. "गुरुजी, पोरांसाठी मंडळ काढतोय. कॅरम, बुद्धिबळ, पेपर वाचायला टेबल. उद्घाटन तुमच्याच हातानं पायजे." शाल, श्रीफळ, फेटा, सगळं ठरलेलं. आमच्या भागात शाल घेऊन दारात आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवायची पद्धत नाही, आणि शाल अंगावर पडली की माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही.

गुरुजींनी फीत कापली, चिकाटी या विषयावर पाऊण तास बोलले आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. भिंतीत संगमरवरी दगड बसला : 'नवजोम क्रीडा व वाचन मंडळ, उद्घाटक श्री. ज्ञानोबा मिसाळ गुरुजी'. तो मजकूर मीच टाइप केला होता. आत काय चालणार, हे मला माहीत होतं. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले.

तीन आठवड्यांनी गुरुजी कापडी पिशवीत गोष्टींची पुस्तकं घेऊन आले, वाचन मंडळाला भेट द्यायला. मी दुकानातून बघत होते. ते आत गेले आणि एकदम सगळ्या खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला. आत जी पंधरा-सोळा माणसं पत्ते खेळत होती त्यातली निम्मी त्यांच्या हाताखाली शिकलेली. ती हातातली पानं पाठीमागे धरून उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "नमस्ते, गुरुजी!" कुणीतरी खुर्ची दिली. कुणीतरी चहा मागवला. आणि गुरुजींनी तो चहा घेतला! पुढे कित्येकदा ते स्वतःवरच चिडून म्हणायचे, "उठून याचं हुतं, ताई. पण पोरं हुबी ऱ्हायली हुती वो. मी बसल्याबिगर ती बसायची कशी?" पुस्तकं तिथंच राहिली. पुढे त्यातल्या एकाचा उपयोग डगमगत्या टेबलाच्या पायाखाली झाला.

तिथवर ठीक होतं म्हणायचं. खरा घाव पुढेच. उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या बैठकीला बसलेल्या एकाला लागोपाठ डाव लागले आणि बोलबाला झाला की गुरुजींचा हात चांगला. तेव्हापासून आत जाणारा प्रत्येक जण त्या दगडावरच्या नावाला बोटं लावी आणि ती कपाळाला टेकवी. कुणी कुंकू लावलं, कुणी झेंडूचं फूल अडकवलं. अकलूजकडून, टेंभुर्णीकडून माणसं यायला लागली. जन्मभर कुणाला पायाही पडू न देणारा माणूस जुगाऱ्यांचा देव झाला.

मग अर्ज सुरू झाले. दर महिन्याला गुरुजी पहिल्या एसटीनं निमगावहून येत, माझ्या स्टुलावर बसत आणि सांगत, "लिव्हा." एरवी गावाकडचं बोलणारा हा माणूस अर्ज सांगायला लागला की छापील पुस्तकासारखा बोले. "विषय : भिंतीतील दगड माझ्या नावासह काढून टाकणेबाबत. महोदय, मी पूर्ण शुद्धीत, परंतु अपुऱ्या माहितीवर विसंबून सदर उद्घाटन केले आहे." 'पूर्ण शुद्धीत' काढा, असं मी म्हणायची. ते काढत नसत. माझ्या एकेक वेलांटीवर बोट ठेवत. "ऱ्हस्व, ताई. सायब पहिल्या ओळीतच थांबला तर दगडापतूर पोचनार कवा?" मी वैतागायची. साहेब पहिली ओळसुद्धा वाचत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायचं?

एका कचेरीनं कळवलं, भिंत खासगी आहे. दुसरीनं कळवलं, दगड हा जुगाराच्या व्याख्येत बसत नाही. तिसरीकडे एक साहेब हसून म्हणाला, "गुरुजी, उद्घाटन तुमचं, तक्रारही तुमची. आम्ही कुणाचं ऐकायचं?" तरी पुढच्या महिन्यात ते स्टुलावर हजर. "आपन देत ऱ्हायचं. कागद कुठंतरी बसतो आन् येक दिवस आपसूक उठतो."

एकदा उठलाही. धाड पडली, मंडळाला कुलूप लागलं. गुरुजींनी निमगावहून कंदी पेढे आणले, रस्ताभर वाटले, चपलांच्या दुकानापासून रसवंतीपर्यंत. दोन महिन्यांत त्याच गाळ्यावर लॉटरी सेंटरचा बोर्ड चढला. दगड जागच्या जागी. लॉटरी गेली, पार्लर आलं, दगड तिथंच. संजूचा आता संजूशेठ झाला होता. त्यानं भागीदार बदलले, फरशी बदलली, काचा बदलल्या, पण दगडाला हात लावू दिला नाही. रस्त्यात गुरुजी दिसले की पळत येऊन पाया पडायचा. गुरुजी म्हणायचे, "पाया पडू नगंस, संजा. दगड काढ." तो हात जोडायचा. "गुरुजी, तुमच्या नावावर तर चाललंय समदं. पोटावर पाय देता व्हय लेकराच्या?" लेकरू तेव्हा चाळिशीला आलेलं.

एका दुपारी तर गुरुजी स्वतःच पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. भर उन्हात उभे राहून त्यांनी नावावर रंग मारायला घेतला. 'ज्ञानोबा' झाकलं तोवर आतून चार-पाच जण बाहेर आले. कुणी आवाज चढवला नाही. एकानं हळूच ब्रश काढून घेतला, एकानं छत्री धरली. "तुमी कशाला उन्हात, गुरुजी? आमाला सांगायचं." आणि ओल्या फडक्यानं पुसून, नवं काळं ऑइलपेंट आणून त्यांनी अक्षरं पुन्हा ठसठशीत केली. गुरुजी माझ्या स्टुलावर येऊन बसले. हाताला रंग लागलेला. म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मारामारी तरी करता आली असती."

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत एकदाच. "ताई, संजा तुमच्या शब्दातला हाय. बोर्ड, पावत्या, समदं तुमच्याकडनं करून घेतो. तुमी म्हनला तर काढंल तो दगड."

खरं होतं ते. संजूशेठ मला मानत होता. नव्या बोर्डाचा रंगसुद्धा मला विचारून ठरवायचा. पण तो माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता आणि रस्त्यावरच्या निम्म्या गिऱ्हाइकांना त्यानंच माझ्याकडे पाठवलं होतं. मी प्रिंटरमध्ये कागद भरत राहिले. "मला यात नका ओढू, गुरुजी. मी आपली टायपिंगवाली. तुमचंही छापते, त्यांचंही छापते."

"व्हय, ते बी खरंच," गुरुजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. मग ते म्हणाले, "लिव्हा," आणि मी लिहिलं.

यंदाच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. बारामतीला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले, तर नाकात नळी असताना त्यांनी बोटानं हवेत लिहून दाखवलं. अर्ज. मी म्हणाले, "देते, गुरुजी." दिला नाही. गुरुजींच्या सहीशिवाय तो कोण घेणार होतं? पाचव्या दिवशी ते गेले.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते तर समोर हातोड्याचा आवाज. गवंडी दगड काढत होता. संजूशेठ कमरेवर हात ठेवून उभा. अर्ध्या तासात दगड निघाला, भोकात सिमेंट भरलं, वरून पुट्टी. मी रस्ता ओलांडून गेले. मनात आलं, पोराला शेवटी लाज वाटली.

"ताई," संजूशेठ हळू आवाजात म्हणाला, "मेलेल्या मानसाचं नाव दारात ठिवून कोन आत यील? काल दोघंजन उंबऱ्यावरनं माघारी गेली. हात कशाला लावायचा म्हनली. आपशकुन की वो." मग डोळे पुसले. खोटे पुसले नाहीत, हेही सांगते. गुरुजींवर त्याचा जीव होता. "नवीन डिझाइन करा झोनचं. जरा निळ्या रंगात."

मी परत आले आणि शटर खाली ओढलं. असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. बारा वर्षांचे अर्ज, वेलांट्या, एसटीचे हेलपाटे. आणि दगड निघाला तो एका गवंड्याच्या अर्ध्या तासात, गुरुजी मेले म्हणून.

दहाव्याला मी निमगावला गेले. गुरुजींच्या मंडळी, ज्यांना सगळे बाई म्हणतात, सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. माणसं पांगली तशी मी सांगितलं, "बाई, दगड काढला."

"काढला? समदा?"

"समदा. भिंत सपाट केली."

"कसा काय काढला त्येनं? येवढी वर्सं न्हाय काढला तो."

आपशकुनाचं मला त्यांना सांगवेना.

"तुमी म्हनला व्हता का त्येला?" बाईंनी विचारलं. "ह्ये सारकं म्हनायचं, टायपिंगवाल्या ताई बोलल्या तर काढंल. पण त्यास्नी भरीला घालू ने, गिऱ्हाईक तुटंल त्यांचं, आसं बी म्हनायचं."

मी हो म्हणाले. "बोलले होते," असं म्हणाले.

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मग तुमच्या शब्दानंच निघाला, माय. तुमचे लई उपकार झालं." त्यांनी सुनेला हाक मारली आणि मला जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं बजावलं. माझं ताट त्यांनी स्वतः वाढलं. मी ते सगळं खाल्लं.