उकळलेला चहा

"सिस्टर्स, यहाँ कोई कुछ नहीं लेगा."

ट्रेनिंग देणाऱ्या मॅडम आमच्याच घराच्या दारात उभ्या राहून बोलल्या. आई समोर होती, हातात चहाचा ट्रे धरून. तिला हिंदी समजते. सारा जन्म जबलपुरात गेला तिचा.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, संविदावर. म्हणजे कायम नाही, कधीही काढतील. आम्हा नर्सेसचं ट्रेनिंग सुरू होतं. नुसत्या गोळीनं भागत नाही, पेशंट कुठं राहतो, काय खातो, काय कमावतो, तेही पाहा, असं शिकवून राहिले होते. खरंच होतं ते. मॅडमना एक वस्ती दाखवायची होती. मला म्हणाल्या, "घमापुर में रहती हो न? तुम्हारी ही गली चलते हैं." मी हो म्हटलं.

घरी सांगितलं, ट्रेनिंगवाल्या येऊन राहिल्या. आईला वाटलं, पोरीच्या मैत्रिणी पाहुण्या म्हणून येतात. आमच्यात दारी आलेलं माणूस चहाशिवाय जात नाही. तिनं शेजारून कप मागून आणले. ठेवणीतली साडी नेसली.

त्यांनी "सीलन, सीलन" म्हणत भिंतीची ओल पाहिली, दारापुढची नाली पाहिली, फोटो काढले. आमची जात त्यांना आधीच माहीत होती. आई एकेकीपुढं ट्रे नेत गेली, आणि एकेक जण हात मागं घेत गेली. चहावर साय धरली. मला रडू आलं नाही. रागही नाही. अंग नुसतं बधिर झालं.

त्या गेल्यावर आईनं विचारलं, "काहून वं, चहा बिघडला होता का?"

"नाही."

तिनं सगळे कप मोरीत ओतले. म्हणाली, "माह्या बीपीच्या गोळ्या राहू दे. मी नाही येत आता तुह्या दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पडद्यावर आमचं घर. आई, तिच्या हातात ट्रे. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, आप बताइए, यहाँ से निकलकर इतना आगे कैसे आईं?"

टाळ्या वाजल्या. मेल्या टाळ्या!

मी उठली. "निकली नहीं हूँ. वहीं रहती हूँ. वो मेरी माँ है, फोटो हटाइए."

फोटो पडद्यावर तसाच राहिला.

"सीलन से बीमारी होती है, मैडम. उबली हुई चाय से कौन-सी होती है?"

मॅडमचा आवाज बदलला. "संविदा पर हो. सोचकर बोलो."

"सोचूनच बोलून राहिली," मी मराठीत म्हटलं. समजलं त्यांना.

नोकरी राहते की जाते, ठाऊक नाही. जीव अजून बधिरच आहे. आईचं डोकं रोज दुखते, आणि ती दवाखान्याची पायरी चढत नाही. यात नालीचा दोष नाही. आमचा आहे, पांढऱ्या कपड्यातल्यांचा. गरिबाला काय काय आजारी पाडते हे शिकवायचं ना? मग आधी आमचं वागणं शिकवा. तोवर प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मी उभी राहीन, आणि धडा पुढं सरकू देणार नाही.