रविवारची शाळा

उत्तम शिक्षक कसा असतो, यावर मी दरवर्षी प्रशिक्षणात तासभर बोलतो. ज्यांच्यामुळं मला ते कळलं, त्या गुरुजींविषयी मात्र तिथं कधी बोललो नाही. बोलायला तोंड नाही मला.

आमच्या घरची मेंढरं. दिवाळी झाली की वडूजकडनं आम्ही खाली उतरायचो. रहिमतपूर, कोरेगावच्या बागायतीतले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलवायचे. आम्ही पोरंही मागनं फिरायचो आणि शाळेतलं नाव जायचं. गुरुजींनी माझं जाऊ दिलं नाही. दर रविवारी सायकल हाणत ते आमचा तळ शोधायचे. तळ हलला असेल तर वाटेवरच्या लेंड्या बघत बघत यायचे, घाम पुसायचे आणि आधी पाढे म्हणून घ्यायचे.

वडील म्हणायचे, "गुरुजी, आवं रविवारी तरी घरी बसा की."

"बसतो की! तुमी सोमवारी पोरगं शाळेत धाडा, मी रविवारी घरी बसतो."

आणि पटावर आठवडाभर मला हजर मांडायचे.

मी शिकलो, मास्तर झालो, पुढं केंद्रप्रमुख झालो. दहा-बारा शाळा माझ्या देखरेखीखाली, त्यात गुरुजींचीही. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. कुणीतरी तक्रार केली आणि वरचे साहेब मला घेऊन अचानक तपासणीला गेले. पटावर अठरा हजर, वर्गात सात.

"बाकीची कुठायत?"

"मेंढरांमागं हायत, साहेब. रविवारी जाऊन शिकवतो मी. कुणालाही वाचायला लावा."

साहेब हसले. माझ्याकडं वळून म्हणाले, "रविवारची शाळा! ऐकलंय का हो तुम्ही असलं कधी?"

गुरुजी माझ्याकडं बघत होते.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

का म्हणालो? नोकरीची भीती होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. इस्त्रीच्या शर्टात साहेबांशेजारी उभा असताना मला मेंढरांमागचं पोरगं व्हायचं नव्हतं. अहवालात 'खोटी हजेरी' हे शब्द मीच लिहिले. मी स्वतः तसल्याच हजेरीवर चौथी पास झालेला.

गुरुजी निलंबित झाले. साताऱ्याला चौकशीच्या तारखा पडू लागल्या. ते मला साक्षीला बोलावतील म्हणून मी धास्तावून होतो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. निलंबित असतानाच निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले.

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. गुरुजींच्या बायकोला सगळं सांगितलं, काही राखलं नाही.

"ठाव हाय मला," शेवटी म्हणाल्या. "पैल्या तारखेला साताऱ्याला निघताना दोन भाकरी जास्त बांधायला सांगितल्या. म्हटलं, कुणाला वं? तर म्हणाले, एक पोरगं येणार हाय. बोलवायचं न्हाई त्याला, ते हून येईल."

मी खाली मान घालून विचारलं, "आणि दुसऱ्या तारखेला?"

"मी बांधत हुते, बाबा. तेच नको म्हणाले."