मामाचं कोपर

मी घड्याळं दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर बारीक, गोल, फुगीर ठिपक्यांची रबरी मॅट असते, म्हणजे पडलेला स्क्रू घरंगळत नाही. दिवसभर डावं कोपर त्यावर टेकलेलं असतं. संध्याकाळी बाही वर केली की कोपराखाली लालसर वर्तुळं उठलेली दिसतात, ओळीत, छापल्यासारखी. सगळा गोंधळ त्यांच्यामुळे झाला.

माझी भाची त्वचारोगतज्ज्ञ व्हायचं शिकत होती. पोरगी गुणी, मामा म्हणून सांगत नाही. तीन वर्षं इस्पितळात राबली. जेवायला वेळ नाही, पुस्तक उघडायला नाही, पण फोन मात्र सदा उघडा. मी बोललो की म्हणायची, मामा, आमचा निम्मा अभ्यास आता यातच असतो. शिकाऊ डॉक्टरांचं एक पेज होतं, त्यावर ती दर रविवारी एखाद्या पुरळाचा फोटो टाकायची आणि खाली लिहायची, ओळखा पाहू. मग लिफ्टमध्ये, चहाच्या रांगेत, अगदी संडासात बसूनसुद्धा डॉक्टर मंडळी रोग ओळखायची. एका रविवारी फोटो मिळेना, म्हणून तिनं गंमत म्हणून माझं कोपर टाकलं. खरं उत्तर संध्याकाळी सांगणार होती.

दुपारीच तिच्या विभागप्रमुखांनी खाली एका दुर्मीळ रोगाचं नाव लिहिलं. नाव एवढं लांब की उच्चारताना मध्ये श्वास घ्यावा लागे. पुढे ‘अगदी नमुनेदार’ असंही लिहिलं. राजा बोले दळ हाले! झोपायच्या वेळेपर्यंत सातशे डॉक्टरांना तोच रोग दिसायला लागला. एकानं माझी किडनी तपासून घ्यायला सांगितलं. सर चुकले असं चारचौघांत सांगायची कुणाची छाती? भाचीची परीक्षा त्यांच्याच हातात होती. तिनं उत्तर टाकलंच नाही.

मग सरांचा निरोप आला की हा दुर्मीळ रुग्ण अंतिम परीक्षेत उमेदवारांपुढे बसवायचा आहे, घेऊन या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर कोपर दाखवलं होतं. मी साफ नाही म्हटलं. तेव्हा ती रडली, आणि माझा निरुपाय झाला. नातं सांगायचं नाही, विचारतील तेवढंच बोलायचं, असं ठरलं. परीक्षेच्या सकाळी मी रोग ताजा दिसावा म्हणून दोन तास कोपर मॅटवर दाबून बसलो.

उमेदवार पाच. एकेक आत येई, कोपर पाही आणि जुना मित्र भेटल्यासारखा खुलून जाई. मला कुणी काही विचारलं नाही. नाव घडाघडा म्हणायचं, औषधं मोजायची, बाहेर. सर मान डोलवत होते, बाहेरगावचे परीक्षक लिहून घेत होते. एक उमेदवार जाताना मला हळूच म्हणाला की काका, तुम्ही फार प्रसिद्ध आहात.

पाचवी भाची. मी मनात म्हटलं, घे बाई ते नाव आणि मोकळी हो, तीन वर्षं पाण्यात घालू नकोस. ती स्टुलावर बसली. कोपर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“काका, तुम्ही काम काय करता?”

जन्मभर मामा ऐकलेल्या माणसाला तो काका फार लागला. पण सकाळपासून हे कुणी विचारलं नव्हतं.

“घड्याळं दुरुस्त करतो. कोपर रबरी मॅटवर टेकलेलं असतं.”

“सर,” ती म्हणाली, “हे मॅटचे वळ आहेत. रोग नाही.”

सर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेरगावचे परीक्षक उठले आणि त्यांनी माझं कोपर दाबून पाहिलं. त्या दिवशी त्याला हात लावणारे ते पहिलेच. मग उपचार विचारला. कोपराखाली घडी घातलेला रुमाल, असं तिनं सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

ती पास झाली. रोग सांगणारे चौघेही पास झाले. सरांनी तिचं अभिनंदन केलं आणि एवढंच सांगितलं, की ते पेजवर टाकू नका.

रुमालानं महिन्याभरात कोपर स्वच्छ झालं. तेवढ्यात त्या चौघांपैकी एकजण बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात आला. मला ओळखून त्यानं हळू आवाजात औषध चालू आहे ना, असं विचारलं आणि कोपराचा फोटो काढून नेला. संध्याकाळी तो पेजवर झळकला. खाली सरांनी लिहिलं होतं, ‘उपचारांना उत्तम प्रतिसाद.’

भाची तेव्हा दुकानातच होती. तिनं त्याखाली टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं. “हे माझे मामा आहेत. घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना कधीच काही झालं नव्हतं.”

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. ते अकरा जणांना आवडलं. त्यातला एक मी, त्यासाठी त्याच संध्याकाळी तिच्याकडून खातं उघडून घेतलं.