बेन्झीन आणि बंद खिडकी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आधी वाटायचं, नक्की कुठे सिद्ध झालंय. मग वाटू लागलं, आता सांगून काय उपयोग. दोन्ही पळवाटाच.

मी उज्जैनच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. फळ्यावर षटकोन काढून बेन्झीन समजावणं माझ्या आवडीचं. सहा कार्बनचं कडं. दिसायला पाण्यासारखं नितळ, वास गोडसर, उघडं राहिलं की बघता बघता उडून जाणार. पाण्यात मिसळत नाही, पण मेण, तेल, रबर सहज विरघळवतं. रंग, प्लास्टिक, कपडे धुण्याची पावडर, कितीतरी औषधं त्यापासूनच सुरू होतात, हे सांगताना जणू मीच ते शोधल्यासारखा मी फुलायचो.

शहरातल्या नानाखेडा भागात आमच्या शेजारच्या वहिनी भैरवगढच्या छपाई-कारागिरांकडे जाऊन बाटिक शिकल्या होत्या. कापडावर मेणाने नक्षी काढायची, रंगवायचं, मग मेण काढायचं. बाजार खुला झाला तसे दिल्लीचे व्यापारी रेशमी दुपट्टे मागू लागले. सुती कापडाचं मेण उकळत्या पाण्यात निघतं. रेशमाची मात्र त्यात चमक जायची. मी देवास गेटजवळच्या दुकानातून बेन्झीनची बाटली आणून दिली. मेण अलगद सुटलं, चमक जशीच्या तशी.

वहिनी खूश. म्हणाल्या, "भाऊजी, तुमची पोरं वर्गात झोपतात ती या वासाने, की तुमच्या शिकवण्याने?"

मला धास्ती होती ती आगीची. त्यांच्या खिडकीखाली घरमालकिणीची शेगडी पेटलेली असायची आणि बेन्झीनची वाफ ठिणगीने भडकते. म्हणून मी बजावलं, काम करताना खिडकी बंद ठेवा. तीच वाफ रोज श्वासातून गेली तर हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे घाव घालते, हेही मी वाचलेलं होतं. ते सांगितलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही सगळेच तो वास घ्यायचो, कुणाला काही झालं नव्हतं.

पुढे वहिनींचा चेहरा पांढरा पडत गेला. अंगावर निळे डाग उठू लागले. रक्त पुरेसं बनत नाही, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि घरी कुठलं रसायन वापरता का, असं विचारलं. परतल्यावर त्या थेट माझ्याकडे आल्या.

"त्या बाटलीचं तर नसेल ना, भाऊजी?"

"छे हो. माझी सारी उमर त्यात गेली. मला काय झालं?"

त्यांना तेवढं पुरलं. डॉक्टरांकडे त्यांनी बाटलीचा विषयच काढला नाही. काम चालू राहिलं, खिडकी लावून.

दवाखान्यात शेवटचा भेटायला गेलो तो सगळं बोलायचं ठरवूनच. मी स्टुलावर टेकतो न टेकतो तोच त्या नर्सला सांगू लागल्या, हे आमचे प्रोफेसर भाऊजी, यांच्यामुळेच माझं काम उभं राहिलं. नर्सने मला नमस्कार केला. मी उलट नमस्कार केला, तब्येतीचं विचारलं आणि उठलो.

वहिनी, बाटलीचंच असणार. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला ते कळलं होतं. मला माफ करा.

एवढंच म्हणायचं होतं.