फुलाचं बोलावणं

"सकाळी येऊ नका, बारा वाजता या." शेजारच्या मॅडमचं हे बोलावणं फाल्गुनात आलं की आमच्या गल्लीतल्या बायका कपाळाला हात लावायच्या. आमच्या पालम गावचं ऊन, त्यात भरदुपारी गच्चीवर! पण त्यांच्या निवडुंगाचं फूल ऊन चढल्यावर उघडायचं आणि दिवस कलला की मिटायचं. "फुलाची येळ मी कशी बदलू?" त्या म्हणायच्या.

मॅडम तहसीलमधून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं लोटलेली, लेक लांब दिलेली. गच्चीवर तेलाचे कापलेले डबे, फुटक्या बादल्या, आणि प्रत्येकात काहीतरी काटेरी नाहीतर गुबगुबीत. हिवाळाभर झाडांना पाणी जवळजवळ बंद. मला एकदा दया आली म्हणून तांब्या उचलला, तर तो हातातून काढून घेतला. "लय लाड केले की सडतंय ते. तहान लागू द्या, मग बगा कसं फुलतंय."

समोरच्या काकू म्हणजे गल्लीचं हायकोर्ट. काटेरी झाड घरात भांडणं लावतं, हा त्यांचा निकाल. मॅडमचं उत्तर तयार असायचं, "घरात मी एकलीच हाय. भांडू कुणासंगं?" आम्ही हसायचो. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच काकू सगळी गल्ली बोलवायच्या आणि मॅडमचं दार तेवढं वगळायच्या. मॅडम कधी बोलल्या नाहीत. मला मात्र भयंकर राग यायचा. आता मॅडम नाहीत, म्हणून हे सांगते. त्या असत्या तर मला गप्प बसवलं असतं.

फुलाचं बोलावणं सुरू झालं त्या वर्षी त्या स्वतःच घरोघर फिरल्या. काकूंकडेही गेल्या. "कुंकवाला न्हाई बोलवायलेय, फुलाला या."

त्या दिवशी गच्ची झाडून झाली, पुन्हा झाडून झाली. ताकाचं पातेलं भरून ठेवलं. "येतेत का न्हाई कोन जाने," एवढंच त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडे बघत राहिल्या.

बायका छत्र्या घेऊन आल्या. सगळ्यांत शेवटी धापा टाकत काकू. गोल, काटेरी गोळ्यावर राणी रंगाचं, ताटलीएवढं फूल उमललेलं. "आगं बाई! हे ह्या काट्यातून आलं?" म्हणत काकूंनी सवयीनं बटव्यातली कुंकवाची डबी काढली आणि तुळशीला लावावं तसं झाडाच्या डब्याला कुंकू लावलं. तेच बोट मॅडमच्या कपाळाकडे वळलं आणि मध्येच थांबलं.

"कीव म्हणून लावायलात तर ऱ्हाऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "झाड फुलवलं म्हणून लावायलात, तर लावा."

"फुलवलं म्हणूनच," काकू म्हणाल्या.

मॅडम उंच, काकू बुटक्या. मॅडमनी मान वाकवली नाही. काकूंनाच टाचा उचलाव्या लागल्या.