दाताखालची माती

प्रातःकाळी अंथरुणावरून उठताना, भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा माझा नित्यनेम आहे. अलीकडे मात्र ती क्षमा मागताना संकोच वाटतो. निवृत्तीनंतरही मी भूगर्भतज्ज्ञाचे काम करतो, परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून. दूरच्या खोऱ्यात विंधनविहीर खोदली जाते आणि भूमीचे अंतरंग एक रेघ होऊन माझ्या संगणकावर उमटते. जिचे पोट मी रोज वाचतो, तिचा स्पर्श माझ्या पावलांना उरलेला नाही. पत्नी गेल्यापासून घरात दुसरा आवाजही नाही.

आज ती रेघ वाळू आणि चिकणमाती यांच्या सीमेवर घुटमळत राहिली. वाळू असेल तर पाण्याची आशा; चिकणमाती असेल तर खोदणे थांबवायचे, आणि वस्तीतल्या बायकांची कोसभराची पायपीट तशीच राहायची. अखेर तिथे खोदाईच्या यंत्रावर असलेल्या सोपानला फोन केला.

"वर आलेली चिमूटभर माती दाताखाली धरून बघ."

"काका, या वयात मला बाळकृष्ण करता की काय?" तो हसला. मग क्षणभराने म्हणाला, "कचकच लागतीय की हो!"

"मग वाळू आहे. थांबू नका."

पलीकडे "चालू करा रे!" असा गलका झाला आणि फोन बंद झाला. मी उठून तुळशीपाशी गेलो, क्षमा मागितली आणि कुंडीतली चिमूटभर माती दाताखाली धरली. तीही कचकचली. कितीतरी वेळ मी चूळ भरली नाही.